मुलगी कॅन्सरची औषधं शोधते, पण चाळीसपैकी चाळीस फेल म्हणते!

ऐरोलीची आई:
नमस्कार मंडळी. मुलगी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करून दीड वर्षापूर्वी महापेला एका कंपनीत लागली. मेडिसिनल केमिस्ट, कॅन्सरच्या औषधांवर काम. आम्ही नातेवाइकांत मिरवून घेतलं. परवा जेवताना म्हणाली, "आई, आत्तापर्यंत चाळीस कंपाउंड केले, चाळीसही फेल." आणि निवांत वरण-भात कालवत बसली. मला घास गिळेना. नोकरी राहील ना तिची? हे लोक नेमकं करतात तरी काय? तिला विचारलं की कागदावर षट्कोन काढून दाखवते.

घणसोलीचा केमिस्ट:
ताई, निर्धास्त राहा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकोणीस वर्षं हेच करतोय. माझ्या वह्यांत सातशेच्या वर कंपाउंड, म्हणजे औषध होऊ पाहणारे रेणू, आहेत, बाजारात एकही नाही. पगार वेळेवर होतो.

कॅन्सरची पेशी मारायला काय, फिनाईलसुद्धा मारेल. बाकीचं शरीर शाबूत ठेवून मारायची, तीही रोज गिळता येईल अशा गोळीने, इथे आमची सगळी वर्षं जातात.

इमॅटिनिब या कॅन्सरच्या गोळीचंच बघा. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन बंद न होणाऱ्या नळासारखं चालू राहतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला सीबा-गायगी कंपनीत युर्ग झिमरमन यांच्या गटाने तो नळ बंद करणारा रेणू घडवला. सुरुवातीचा रेणू भलत्याच प्रथिनाला, पीकेसीला, अडवत होता. पिरिडिन नावाचं एक कडं जोडलं, पेशीतला परिणाम वाढला. बेंझामाइड नावाचा तुकडा जोडला, हव्या त्या जातीची प्रथिनं अडू लागली, पण पीकेसी काही सुटेना. मग एका षट्कोनावर एकच मिथाइल बसवला. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स! त्याच्या धक्क्याने रेणू असा वळला की पीकेसीत मावेनासा झाला. आम्ही केमिस्ट या मिथाइलची गोष्ट कीर्तनासारखी सांगतो, तेव्हा माफ करा.

तरी तो पाण्यात नीट विरघळेना, पोटातून रक्तात पोचेना. म्हणून शेपटीला मिथाइल-पिपरॅझिन नावाचं, पाण्याशी जमणारं कडं लावलं. ते थेट लावलं असतं तर शरीरात घातक अॅनिलिन तयार व्हायची भीती, म्हणून मध्ये एक कार्बन सरकवला. विरघळण्यासाठी लावलेली ही शेपटी प्रथिनालाही धरून बसते, हे पुढे स्फटिकाच्या चित्रात दिसलं. नशीब म्हणा. मे 2001 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

या प्रत्येक पायरीआधी कुणाचे तरी 'फेल' कंपाउंड आहेत. इथे मिथाइल चालत नाही, तिथे क्लोरीन चालत नाही, हे त्यांनीच सांगितलं. लेकीला विचारा, कशात फेल? ताकद कमी, विरघळत नाही, की यकृत लगेच फोडतं? यांतलं प्रत्येक दुखणं वेगळं.

कळव्याचा काका:
अहो, हीच 400 मिलिग्रॅमची गोळी मी नऊ वर्षं घेतोय! पोटभर जेवण आणि मोठा ग्लास पाणी, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्या शेपटीमुळे का? आणि आमच्या ओळखीतल्या एकाला ही गोळी लागू पडायची थांबली, ते कशाने?

घणसोलीचा केमिस्ट:
काका, शेपटीवर आळ नको. गोळी पोटाला झोंबते, म्हणून जेवण आणि पाणी.

थांबण्याची कारणं अनेक, तुमच्या ओळखीच्यांचं डॉक्टरच सांगतील. एक कुप्रसिद्ध कारण मात्र रसायनाचं आहे. बीसीआर-एबीएल प्रथिनातल्या 315 क्रमांकाच्या जागेवरचं थ्रिओनिन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे आयसोल्युसिन हे दुसरं येतं. इमॅटिनिब ज्याचा हात धरायचं ते गेलं, आणि दारात जाडजूड पाहुणा उभा. डॅसॅटिनिब, निलोटिनिब हे पुढचे भाऊही तिथेच अडतात. पोनॅटिनिबमध्ये केमिस्टांनी सरळसोट तिहेरी बंध घातला, तो पाहुण्याच्या कडेने अंग चोरून आत शिरतो. ते औषध 2012 मध्ये आलं. आता तुम्ही उगाच गोळी बदलून मागू नका, त्याच्या रक्तवाहिन्यांवरच्या दुष्परिणामांना डॉक्टरही जपून असतात.

ऐरोलीची आई:
दादा, विचारलं. "अगं, पेशीवर झकास चालतो, पण पाण्यात दगडासारखा बसतो," म्हणाली. मी म्हटलं, मग शेपटी लाव की! हातातला घास तसाच ठेवून बघत राहिली माझ्याकडे. ती लावूनच एक्केचाळिसावा केलाय म्हणे, सध्या कॉलमवर आहे. कॉलम म्हणजे काय ते उद्या विचारते, आज भाकऱ्या राहिल्यात.