शमुवेल : 'देवाने ऐकले' की 'देवाचे नाव'?

बायबलमधील संदेष्टा 'शमुवेल' याच्या नावाचा अर्थ 'देवाने ऐकले' असा बहुतेक ठिकाणी दिलेला आढळतो. शिलो या तीर्थस्थानी त्याची आई हन्ना हिने मुलासाठी केलेली प्रार्थना फळास आल्याची कथा ठाऊक असल्यामुळे तो पटतोही. परंतु हिब्रू लेखनापुढे तो टिकत नाही. 'ऐकणे' या अर्थाच्या 'शामा' धातूच्या शेवटी 'अयिन' हे व्यंजन आहे आणि 'देव ऐकतो' अशा अर्थाच्या इश्माएल या नावात ते कायम राहिले आहे. शमुवेल मात्र शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद अशा पाच अक्षरांनी लिहितात. त्यांत अयिन नाही.

हन्ना स्वतः तिसरेच कारण सांगते. बायबलमधील '1 शमुवेल' या पुस्तकात (अध्याय 1, वचन 20), मुलाला परमेश्वराकडून मागून घेतले म्हणून हे नाव, असे ती म्हणते. 'मागणे' हा धातू 'शाअल', आणि त्यापासून थेट बनणारे नाव आहे शौल, म्हणजे इस्राएलचा पहिला राजा. त्याच अध्यायाच्या 28व्या वचनात तर 'शाऊल' हाच शब्द मुलासाठी येतो. ही कथा मुळात शौलाच्या जन्माची असावी, असे काही अभ्यासक मानतात. मला मात्र, पुढे ज्याच्या हातून शौलाला अभिषेक होणार त्याच्या जन्मकथेत लेखकाने मुद्दाम केलेली ती सूचक शब्दयोजना वाटते.

व्याकरणाला धरून पाहिले तर 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव. मधला 'उ' कोणी 'त्याचे' या अर्थाचा प्रत्यय मानून 'एल हे त्याचे नाव' असा अर्थ लावतात. पण 'देवाचे मुख' या अर्थाच्या पनुएल या स्थलनामातही तोच 'उ' असल्यामुळे तो जुन्या विभक्तीचा अवशेष मानून 'देवाचे नाव' असा अर्थ घेणे मला अधिक सयुक्तिक वाटते. अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियातील भाषेतील सजातीय 'शुमु' या शब्दाचा अर्थ नाव आणि संततीही असा आहे. आपणही मुलाला घराण्याचे 'नाव चालवणारा' म्हणतोच.

ग्रीकमध्ये 'श' नसल्यामुळे तेथे 'सामुएल' झाले आणि त्यातून इंग्रजी सॅम्युएल आले. मराठी बायबलाने मूळचा 'श' राखला. कोकणच्या बेने इस्राएल या ज्यू समाजात याच नावाचे 'समाजी' झाले. 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात शहरातील पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनागृह) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. या रूपात 'एल' गळून गेला आहे आणि त्याच्या जागी आपला 'जी' आला आहे.