ग्रीसमध्ये आठवडाभर बोट: कॅटामरान की मोनोहल?

सावरी:
जूनमध्ये लेफकाडाहून आयोनियन बेटांत शिडाची बोट घेऊन हिंडायचं ठरतंय. दोन जोडपी, बारा वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ७१, गुडघे दुखतात). दिराकडे परवाना आहे. बव्हेरिया ४६ (मोनोहल, म्हणजे एकाच हलची, एका सांगाड्याची) आणि लॅगून ४२ (कॅटामरान, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन हलची) अशा दोन बोटी पाहिल्यात. लॅगूनचं भाडं बरंच जास्त आहे. तेवढा फरक खरंच पडतो का? मला बोट लागते, हेही सांगून ठेवते.

काळवारा:
बव्हेरिया घ्या. बोट वाऱ्यावर कलली की जी मजा येते ती कॅटामरानवर नाही.

उधाण:
मजा खरी आहे, पण ती सुकाणूवरच्या माणसाची. सावरीताई, तुमच्या घरच्यांसाठी मी लॅगूनच म्हणेन.

लांबीला बव्हेरिया मोठी, १४ मीटरच्या वर. लॅगून पावणेतेरा. पण रुंदी बघा: ४.३५ मीटर विरुद्ध ७.७०! मोनोहलचा तोल खालच्या जड कीलवर (तळाला पाण्यात उतरलेल्या वजनदार पात्यावर) असतो, त्यामुळे १५-२० अंश कलणं तिला नेहमीचंच. बैठकीची जागा खाली, तिथून क्षितिज नीट दिसत नाही आणि पोट ढवळायला लागतं. उतरायचा जिनाही जवळजवळ उभा. कॅटामरानमध्ये बैठक कॉकपिटच्याच (सुकाणूजवळच्या उघड्या जागेच्या) पातळीवर, चहूबाजूंनी काचा. सासूबाई दिवसभर तिथे आरामात बसतील. झोपायला मात्र हलमध्ये तीन-चार पायऱ्या उतराव्या लागतातच.

मोनोहलच्या मागच्या केबिन कॉकपिटखाली येतात, पलंगावर नीट उठून बसता येत नाही. कॅटामरानमध्ये एक जोडपं डाव्या हलमध्ये, दुसरं उजव्या. मधे अख्खी बैठक. रात्री नांगरावर असताना फेरीबोटीची लाट आली तर मोनोहल बराच वेळ डुलत राहते. ज्याला बोट लागते त्याला हे सगळ्यात नकोसं.

एक मात्र आहे. समोरून वारा आणि आखूड लाटा असल्या की दोन हलमधल्या तळाला पाणी धाडधाड आपटतं, आणि सामान जास्त भरलं की ते आणखी वाढतं. ऑगस्टमध्ये मेल्टेमीच्या, म्हणजे एजियन समुद्रातल्या जोरदार उत्तरी वाऱ्यात तिथल्या सायक्लेड्स बेटांना निघाला असतात तर मी मोनोहल सुचवली असती. आयोनियनमध्ये वारा बहुधा दुपारनंतर वायव्येकडून उठतो आणि बेटं जवळजवळ आहेत. सकाळीच जवळचं मेगानिसी बेट गाठा.

शिंपला:
धक्क्यावरच्या जागेचाही विचार करा. फिस्कार्डोसारखं बंदर दुपारीच भरतं, आणि एवढ्या रुंद बोटीला फट सापडत नाही. पण लॅगूनला पाण्याखाली सव्वा मीटरच खोली लागते, म्हणून उथळ खाडीत बरंच आत नांगर टाकता येतो.

सावरी:
मग लॅगूनच. धक्क्यावरून बोटीत चढायचं कसं? सासूबाईंना जमेल?

उधाण:
बोट मागच्या बाजूने धक्क्याला लावतात आणि फळी टाकतात. फळी अरुंद असते, हलतेही. आधाराला दोरीचा कठडा आहे का ते बुकिंगआधीच विचारा, आणि चढताना दिराला पुढे उभं करा.