सह्याद्रीची तुलना बीबीसीशी नको, वेल्सच्या एसफोरसीशी करा

माळरान

दूरदर्शनचा विषय निघाला की कोणीतरी बीबीसी काढतंच. तिला टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरलेल्या परवान्याचे पैसे मिळतात, जाहिराती घ्याव्या लागत नाहीत, ती सरकारला प्रश्न विचारते, आणि आपलं दूरदर्शन बघा! या तुलनेतून मराठी माणसाच्या हाती काहीच लागत नाही. एक दिल्लीचं, एक लंडनचं. सह्याद्रीचं नावही निघत नाही.

सह्याद्रीची खरी तुलना व्हायला हवी ती वेल्समधल्या एसफोरसीशी. ही वेल्श भाषेची सार्वजनिक वाहिनी. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे लोक भरले सुमारे ५ लाख ३८ हजार. एकट्या सोलापूर शहराची वस्ती याहून जास्त आहे. एवढ्या लोकांसाठी १ नोव्हेंबर १९८२ पासून स्वतंत्र वाहिनी चालते आणि तिला टीव्ही परवान्याच्या पैशातून वर्षाला सुमारे ९ कोटी पौंड मिळतात, म्हणजे ढोबळमानाने हजार कोटी रुपये. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ मध्येच ८ कोटी ३० लाख होते.

हे वेल्सला कोणी ताटात वाढून दिलं नाही. १९७९ च्या निवडणुकीत थॅचरबाईंच्या हुजूर पक्षाने वेल्श वाहिनीचं आश्वासन दिलं आणि सत्तेत आल्यावर शब्द फिरवला. लोकांनी टीव्हीचा परवाना भरायला नकार दिला, काही जण तुरुंगात गेले. मग वेल्सच्या राष्ट्रवादी प्लाइड कम्री पक्षाचे नेते ग्विन्फॉर एव्हन्स यांनी ६ ऑक्टोबर १९८० पासून आमरण उपोषण जाहीर केलं. थॅचरबाईंच्या सरकारने सप्टेंबरमध्येच माघार घेतली.

आपलं दूरदर्शनचं वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं, म्हणजे एसफोरसीच्या दहा वर्षं आधीचं. स्मिता पाटील तिथे बातम्या वाचायच्या. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा' असे कार्यक्रम त्याच केंद्राने केले. सुरुवात झकास होती. मागे पडलो, कारण पैसा आणि अधिकार दोन्ही दिल्लीत राहिले. सह्याद्रीला ना स्वतःचं नियामक मंडळ, ना स्वतःचा निधी. मराठीला स्वायत्त सार्वजनिक वाहिनी हवी आणि ती आपण हक्काने मागायला हवी.

चौकस

तुलना मुळातच चुकतेय. सरकारी आधार नसता तर वेल्शमध्ये एकही वाहिनी निघाली नसती, कारण पाच लाखांच्या बाजारात जाहिरातदार येत नाही. मराठीचं तसं नाही. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, तीच आजची झी मराठी. पाठोपाठ ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. बातम्यांच्या वाहिन्या वेगळ्याच. लोकांनी सह्याद्री आपणहून सोडली, कोणी हात धरून उठवलं नाही. आठ कोटींची भाषा स्वतःच्या पायावर उभी असताना तिला सरकारी टेकू कशाला? हजार कोटी खरंच मिळणार असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळांना द्या. तिथे पट कमी होतोय, वर्ग बंद पडतायत. मराठीचं काय व्हायचं ते तिथे ठरणार आहे, टीव्हीवर नाही.

कार्डिफकर

मी कार्डिफला राहते. मुलीला आम्ही मुद्दाम वेल्श माध्यमाच्या शाळेत घातलंय. एसफोरसीवर सकाळी लहान मुलांसाठी 'क्यू' नावाचा कार्यक्रमांचा पट्टा असतो, पिवळ्या पिल्लाचं चित्र असलेला. गाणी, आकडे, गोष्टी, बरंचसं मुळात वेल्शमध्येच लिहिलेलं. आमच्या घरात वेल्श कोणालाच येत नाही, तरी मुलीचं अडत नाही, कारण शाळेत ऐकलेलं तिला घरी पुन्हा ऐकायला मिळतं. तिच्यासाठी असंच काही मराठीत शोधलं तेव्हा हाती लागलं ते बहुतेक हिंदीवरून किंवा इंग्रजीवरून डब केलेलं. चौकस, बाजाराचं हे गणित तुम्हीच सांगितलंत. मुलांसाठी मुळातून मराठीत लिहून घ्यायला खर्च येतो, डबिंग स्वस्तात होतं. मग बाजार ते का करेल?

आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एसफोरसी बहुतेक कार्यक्रम स्वतः बनवत नाही, वेल्समधल्या निर्मिती संस्थांकडून करून घेते. काही तास बीबीसी पुरवते. 'हिंटरलँड' ही पोलीस मालिका अ‍ॅबरिस्टविथच्या परिसरात चित्रित झाली तेव्हा तेच नट घेऊन प्रसंग दोनदा घेतले, एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत. २०१३ मध्ये वेल्श आवृत्ती आधी एसफोरसीवर आली, इंग्रजी त्यानंतर बीबीसीवर. आपल्याकडे मराठी आणि हिंदी दोन्हीत सहज काम करणारे नट ढिगाने आहेत.

पण माळरान, इथेही सगळं आलबेल नाही. प्रेक्षक थोडे आणि खर्च फार, ही तक्रार मी इथल्या वेल्श लोकांच्याच तोंडून ऐकते. २०२३ मध्ये कार्यालयातल्या वातावरणाबद्दल गंभीर तक्रारी झाल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पदावरून काढलं गेलं.

कलम तेवीस

मला पैशापेक्षा लगाम कोणाच्या हातात जाणार याची धास्ती आहे. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, लागू झाला १९९७ मध्ये. स्वायत्तता त्यात लिहिलेलीच आहे. पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने केंद्र सरकारला निर्देश द्यायचा अधिकार ठेवलाय, आणि पगार सरकारी अनुदानातून होतात. २०१७ मध्ये त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण बदल केल्याशिवाय दाखवणार नाही, असं दूरदर्शन आणि आकाशवाणीने कळवलं. एका निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याची ही गत!

आता हीच वाहिनी मुंबईच्या ताब्यात दिली तर ती मंत्रालयाच्या ताब्यात जाईल, आणि सरकार बदललं की बातम्यांचा सूर बदलेल. शिवाय केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्येच राज्य सरकारांना कळवलंय की प्रसारणात उतरू नका, उतरला असाल तर प्रसार भारतीमार्फत या. म्हणजे वाट बंद आहे, आणि माझ्या मते ती बंद असलेलीच बरी. वेल्समधल्या लोकांनी वाहिनी मिळवली तेव्हा बीबीसीच्या रूपाने सरकारपासून हातभर लांब राहायची सवय तिथे आधीपासून होती. ती सवय आपण कुठून आणणार?

माळरान

मंत्रालयाच्या ताब्यात द्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही. आणि ती सवय कुठे आपोआप येत नसते, न्यायालयात भांडून आणावी लागते. जर्मनीत झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीच्या मुख्य संपादकांची मुदत राजकीय दबावाने वाढवली नाही, प्रकरण संविधान न्यायालयात गेलं, आणि मार्च २०१४ मध्ये निकाल आला की नियामक मंडळांवर सरकार आणि पक्षांशी बांधलेली माणसं एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. तिथे सार्वजनिक प्रसारणासाठी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो घेतात. आकडा किती असावा हे एक स्वतंत्र आयोग सुचवतो. एका राज्याने वाढ अडवली तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयाने ती लागू करायला लावली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्या निकालाचा धागा पकडून मंडळाची रचना मागता येते. वाट बंद आहे म्हणून थांबलो तर ती उघडणार कधी?

चौकस

जर्मनीचं घर महिन्याला १८ युरो भरतं म्हणून हे सगळं चालतं. आपण टीव्हीचा परवाना १९८० च्या दशकातच रद्द केला. आज दर घरामागे महिना पन्नास रुपये मागून बघा, लोक रस्त्यावर येतील, आणि मीही येईन. मग उरतं सरकारी अनुदान. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि ते पैसे वाटणारं महामंडळ गुंडाळायची वेळ आली. देणाऱ्याच्या मर्जीवरची स्वायत्तता अशी एका मतदानात संपते.

शिवार

तुमच्या चर्चेत मोफत डिशवाला कुठेच नाही, म्हणून लिहितो. आमच्या वस्तीवर निम्म्या घरांवर डीडी फ्री डिश आहे. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री आमच्याकडे आजही लागते. 'आमची माती आमची माणसं' बघून माझ्या वडिलांनी ठिबकची चौकशी केली होती. खाजगी बातम्यांत कांदा दिसतो तो भाव पडल्यावर किंवा रस्त्यावर ओतल्यावर. रोप टाकायच्या वेळी करपा कसा ओळखायचा, फवारणी कधी थांबवायची, हे सांगायला कोण येतं?

पैशाचं म्हणाल तर फ्री डिशवर जागा मिळवायला खाजगी वाहिन्या लिलावात बोली लावतात आणि ती रक्कम प्रसार भारतीकडे जाते. आमच्यासारखे प्रेक्षक आहेत म्हणूनच ही बोली लागते. त्यातला ठरावीक हिस्सा प्रादेशिक वाहिन्यांच्या कार्यक्रमांसाठी बांधून द्या. नवा कर नको, परवाना नको.

कलम तेवीस

शिवार, ही सूचना पहिल्यांदाच ऐकतोय आणि पटतेय. फक्त हिस्सा कायद्यात लिहिलेला हवा, परिपत्रकात नको. परिपत्रक कधीही मागे घेता येतं.

चौकस

लिलावाच्या पैशाला माझी हरकत नाही. पण मग तो निधी सर्वांना खुला ठेवा. शेती आणि लहान मुलांसाठी मराठीत मुळातून कार्यक्रम करणाऱ्या कोणालाही तो मिळावा, प्रक्षेपण सह्याद्रीवर होवो की आणखी कुठे. नवं मंडळ, नवी इमारत, नवी भरती याला माझा विरोध कायम आहे.

कार्डिफकर

नुसत्या निधीने भागणार नाही. कार्यक्रम रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी लागला तरच मुलं बसतात. त्यासाठी वाहिनीच लागते, आणि वेळ कोणती द्यायची हे तिला स्वतः ठरवता आलं पाहिजे.