मदत हवी आहे: सहा वर्षांची डिझेल गाडी आत्ता काढू की अजून चालवू?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या धाग्यांवर मी आजवर नुसती वाचक. पहिल्यांदाच स्वतःचा प्रश्न घेऊन आलेय आणि तो जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

गाडी मधल्या आकाराची, दीड लिटर डिझेल, मॅन्युअल. सहा वर्षं पूर्ण, ८४,००० किमी. नवी घेतली तेव्हा रोज लांबचं जाणं-येणं होतं, वर्षाला १८,००० किमी व्हायचे. त्यामुळे डिझेल घ्यायचं हे ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. चार वर्षांनी काम घरून सुरू झालं. गेली दोन वर्षं गाडी वर्षाला जेमतेम ६,००० किमी धावते, आणि तेही बहुतेक तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या.

गेल्या आठवड्यात सहज भाव काढावा म्हणून जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून माणूस बोलावला. त्याने पत्र्यावर रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं, टायर पाहिले, शेवटी खाली वाकून सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. मला वाटलं, झालं, आता चांगला भाव सांगेल. तर म्हणाला, "मॅडम, डिझेलला गिऱ्हाईक राहिलं नाही," आणि मूळ किमतीच्या ३४ टक्के सांगितले! माझ्या मैत्रिणीने त्याच वर्षाची, तेच मॉडेल, तीच श्रेणी, पण पेट्रोल, गेल्या महिन्यात ४१ टक्क्यांना विकली. तिची ७८,००० किमी चालली होती. म्हणजे मी जास्त पैसे देऊन घेतलेली गाडी जास्त पडली. जिवाला लागलं, खोटं कशाला बोलू.

प्रश्न असे:

पेट्रोलला डिझेलपेक्षा रीसेल जास्त, हे आता सगळीकडेच आहे का, की मला गुंडाळलं जातंय?

अजून थांबले तर भाव कोसळेल का? घरात "आत्ताच काढ, पुढे कोणी फुकट नेणार नाही" असा धोशा चाललाय.

काढलीच तर नवी पेट्रोल घ्यावी का?

आणखी एक, कदाचित संबंध नसेल. महिनाभरात दोनदा डॅशबोर्डवर गाळणीसारखं चित्र असलेला पिवळा दिवा लागला आणि आपोआप गेला. घरी येऊन गाडी बंद केली तरी पुढचा पंखा बराच वेळ घरघरत राहतो. ऑइल मात्र कमी झालेलं नाही, उलट ऑइल मापायच्या काडीवर वरच्या खुणेच्याही बोटभर वर दिसतं.

चौथा_गिअर

राव, काढून टाका. डिझेल संपलं. व्होल्वोने २०२४ च्या मार्चमध्ये शेवटची डिझेल कार बनवून कायमचा रामराम ठोकला. आज ३४ मिळतायत, वर्षाने २० म्हणतील.

आकडेमोड

त्या "राव" नाहीत, मैत्रिणीचा उल्लेख आणि "मॅडम" वाचलं नाहीत का? असो.

ताई, आधी तुमच्या जिवाला लागलेलं काढू. टक्केवारीने तुम्हाला चकवलंय. मैत्रिणीच्या पेट्रोल गाडीची नवी किंमत १०० धरा. तुमची डिझेल तेव्हा किती जास्त होती? मी अंदाजाने २० धरतो, म्हणजे १२०. आता १२० चे ३४ टक्के म्हणजे ४०.८. आणि १०० चे ४१ टक्के म्हणजे ४१. दोघींना हातात पडणारी रक्कम जवळजवळ एकच आहे!

त्या माणसाने डिझेल म्हणून तुमचा भाव पाडला असं म्हणण्यापेक्षा, डिझेल म्हणून वर काही दिलं नाही असं म्हणणं जास्त बरोबर. नवी घेताना भरलेला तो २० चा फरक जुन्या बाजारात शून्य झाला. पूर्वी तो फरक बऱ्यापैकी टिकायचा, कारण जुनी गाडी घेणारा भरपूर फिरणारा असायचा आणि त्याला डिझेलच हवं असायचं. बदललंय ते एवढंच.

म्हणून खरा प्रश्न असा की ते २० तुम्ही आधीच इंधनात वसूल केलेत की नाही. डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त ऊर्जा असते, शिवाय इंजिनाची कार्यक्षमता जास्त. तुमच्या आकाराच्या गाडीला पेट्रोल लिटरला १५ आणि डिझेल २० किमी देतं असं धरू. ८४,००० किमीला पेट्रोल लागलं असतं ५,६०० लिटर, डिझेल लागलं ४,२००. वाचले १,४०० लिटर. गाडी घेतली त्या वर्षांतल्या भावाने, त्या जादाच्या २० मध्ये किती लिटर आले असते ते काढा. १,४०० पेक्षा कमी आले तर तुम्ही फायद्यात आहात आणि रीसेलवरून रडण्यात अर्थ नाही. (अडकलेल्या पैशाचं व्याज धरलं तर गणित थोडं बिघडतं, पण चार वर्षं वर्षाला १८,००० किमी चालवल्यावर फार नव्हे.)

आता थांबण्याचं. गाडीचा घसारा, म्हणजे वयाबरोबर किंमत उतरणं, सरळ रेषेत होत नाही, उरलेल्या किमतीवर होतो. वर्षाला १५ टक्के धरले तर १०० ची गाडी पहिल्या वर्षी १५ गमावते. प्रत्यक्षात पहिलं वर्ष त्याहून वाईटच असतं. सहा वर्षांनी ती ३८ च्या आसपास येते आणि सातव्या वर्षी गमावते पावणेसहा. तुमच्या ४१ वर पुढच्या वर्षीचा घसारा साधारण ६. ती विकून नवी पेट्रोल घेतलीत तर तिचा पहिल्याच वर्षाचा घसारा १५ ते २०. सहा वाचवायला पंधरा घालवणं हा व्यवहार मला जमत नाही.

खर्डेघाशी

"घसारा" शब्द वाचून बरं वाटलं. हिशेबाच्या वह्यांबाहेर तो हल्ली कुणी वापरत नाही, सगळे डेप्रिसिएशन. अवांतराबद्दल क्षमस्व.

डिपस्टिक

ताई, "कदाचित संबंध नसेल" म्हणून शेवटी जे लिहिलंय, तोच तुमचा खरा प्रश्न आहे. रीसेल राहू द्या बाजूला.

तो दिवा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा. बोट स्वच्छ निघालं ते तिच्यामुळेच. आणि बोट घालणाऱ्याला काम कळत होतं. सायलेन्सरला आतून काळं लागलं असतं तर गाळणी फुटलीय किंवा कुणीतरी काढून टाकलीय, हे तो लगेच ओळखता.

गाळणीत काजळी साठली की गाडी ती जाळते. त्यासाठी तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. मोठ्या रस्त्यावर सलग वेगात चाललात तर हे सहज होतं. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन धड गरमही होत नाही. मग गाडी मुद्दाम जादा डिझेल फवारून तापमान चढवायला लागते, त्याला दहा-वीस मिनिटं हवीत, आणि तुम्ही सातव्या मिनिटाला किल्ली काढता. पंखा घरघरत राहतो तो म्हणूनच: काजळी जाळणं अर्धवट तुटलेलं असतं.

ते जादा फवारलेलं डिझेल सगळं जळत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल "उलट जास्त" दिसतंय ते हेच. ऑइल वाढत नसतं ताई, तुमचं पातळ झालंय! काडी हुंगून बघा, डिझेलचा वास येईल. असं पातळ ऑइल टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगला मारतं. सर्व्हिसची तारीख यायची वाट पाहू नका, या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला. खूणेच्या फार वर गेलं असेल तर तोवर गाडी दामटू नका.

ऑइल बदललं की मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग न्या. पाचवा नाही, चौथा गिअर ठेवा, म्हणजे इंजिनाचे फेरे जरा चढे राहतील. पुढे दर आठवडा-पंधरवड्याला एक अशी फेरी ठेवा. तरी दिवा राहिला तर वर्कशॉपमध्ये संगणक लावून काजळी जाळून घेता येते. कुणी "गाळणीच काढून टाकू, कटकट मिटेल" म्हणाला तर तिथून निघा. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे आणि प्रदूषण चाचणीत गाडी नापास होते.

काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती साठतच जाते. म्हणजे गाळणीलाही आयुष्य आहे, आणि ती बदलायची वेळ आली तर आकडेमोडांनी काढलेले वर्षाचे ६ त्यातच जातील. त्यात छोट्या फेऱ्यांनी गाळणी तुंबते, म्हणूनच कमी चाललेली डिझेल बाजारात कौतुकाची नसते. पेट्रोल असती तर कमी किलोमीटर हा मोठेपणा होता. डिझेलला जाणता गिऱ्हाईक विचारतो, हे किलोमीटर झाले कुठे?

जुनं_लोखंड

चौथा_गिअर यांच्या "डिझेल संपलं"ला थोडा ब्रेक लावतो.

मोठी घसरण सुरू झाली १८ सप्टेंबर २०१५ ला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनवर नोटीस काढली आणि जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणी चुकवणारं सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीने मान्य केलं. पण भाव पडण्यामागे नुसती बदनामी नाही, नियम आहेत. युरोपच्या प्रदूषण नियमांत युरो ५ या टप्प्यात डिझेलला नायट्रोजन ऑक्साइडची मुभा किलोमीटरला १८० मिलिग्रॅम होती, युरो ६ मध्ये ती ८० वर आली. पेट्रोलला दोन्हीकडे ६०. म्हणजे डिझेलला काजळीसाठी गाळणी होतीच, वर नायट्रोजन ऑक्साइडसाठी धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक, काही गाड्यांना युरियाची टाकी असा संसार मांडावा लागला. छोट्या गाडीत तो खर्च किमतीत बसेना, म्हणून छोट्या डिझेल आधी गेल्या. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं ते भारतात बीएस ६, म्हणजे युरो ६ च्या धर्तीचे नियम, लागू झाले तेव्हाच.

दुसरं कारण प्रवेशबंदीचं. लंडनच्या अतिकमी उत्सर्जन क्षेत्रात २०१९ पासून पेट्रोलला युरो ४ पुरतं, डिझेलला युरो ६ लागतं, नाहीतर रोजचा आकार भरा. जर्मनीत २०१८ च्या फेब्रुवारीत लाइपझिगच्या न्यायालयाने शहरांना डिझेलबंदीची वाट मोकळी केली, हॅम्बुर्गने मेमध्ये दोन रस्त्यांवर ती आणलीही, आणि २०२३ मध्ये उठवली. दिल्ली परिसरात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली, आणि २०२५ मध्ये कारवाई थोपवणारे आदेशही त्याच न्यायालयाने दिले. नियम येतो तेव्हा घाबरून विकणारे मातीमोल भावाने विकतात. नियम सैल होतो तेव्हा त्यांना कोणी फरक परत देत नाही.

तेव्हा ताई, गाडी कोणत्या नॉर्मची आहे ते नोंदणीच्या कागदावर पाहा. तुम्ही राहता तिथे वयाची किंवा प्रवेशाची काही अट आहे का ते पाहा. अट असेल तर तिच्या तारखेच्या दोन वर्षं आधी गाडी काढा, कारण बाजार आदल्या दिवसापर्यंत थांबत नाही. अट नसेल तर घाई नाही.

आणि पेट्रोलला रीसेल "सगळीकडे" जास्त नाही. छोट्या आणि मधल्या गाड्यांत हो. सात आसनी, ओझं ओढणाऱ्या, चारही चाकं फिरणाऱ्या धुडांत जुन्या बाजारात अजून डिझेलच मागतात.

चौथा_गिअर

मागे घेतो. ताई, चुकून राव म्हणालो, माफी. पण नवी घ्यायचीच तर तीन वर्षांची जुनी पेट्रोल पाहा. सर्वांत जड घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो.

उंबरठा (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. राव चालेल हो, काही बिघडत नाही.

डिपस्टिक, काडी हुंगली. वास येतोय. शनिवारी ऑइल आणि फिल्टर बदलले. तिथल्या पोराने जुनं ऑइल बोटांत चोळून दाखवलं, अगदी पाण्यासारखं. रविवारी पहाटे एकटीच मोठ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पस्तीस मिनिटं जाऊन आले. परत आल्यावर पंखा बंद!

आकडेमोड, जुन्या पावत्या काढल्या. दोन्ही इंधनांचा भाव सारखाच धरून बघितलं तर त्या वेळच्या फरकात सुमारे १,१०० लिटर आले असते. म्हणजे तुमच्या हिशेबाने ६६,००० किमीला वसूल, चौथ्या वर्षातच. पण हेही दिसलं की गेल्या दोन वर्षांत डिझेलने मला फक्त २०० लिटर वाचवून दिलेत. ते या ऑइलबदलात आणि रविवारच्या फेऱ्यांत चाललेत.

गाडी युरो ६ च्या बरोबरीच्या नॉर्मची आहे, इथे वयाची अट नाही. दोन वर्षं ठेवायचं ठरतंय, तोवर लाखाचा आकडाही ओलांडत नाही. घरचा धोशा थांबलेला नाही, ते मी बघते. शेवटचं विचारते: विकताना हा दिवा लागल्याचं सांगावं का?

डिपस्टिक

सांगा. तुम्ही नाही सांगितलं तरी संगणक जोडला की गाळणीत किती काजळी आणि किती राख आहे ते बऱ्याच गाड्यांत दिसतंच. उलट शनिवारची पावती जपून ठेवा, त्यावर किलोमीटर लिहिलेत का पाहा. नसतील तर आजच जाऊन लिहून घ्या.