हसतो म्हणजे सुखी आहे असं नाही, पण...
एकांनी लिहिलंय की चहाच्या टपरीवरची पोरं हसतात ती नाइलाजाने. अर्धं पटलं.

आमच्या ऑफिसखाली चहा देणारा पोरगा बीडकडचा, सतरा वर्षांचा. दिवाळीनंतर आईबाप कोल्हापूरकडे ऊसतोडीला जातात, धाकटी बहीण आजीपाशी गावात, आणि हा पुण्यात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. तोडीच्या हिशोबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे आई घरी राहण्याचा प्रश्नच मिटला.

रात्री पातेली घासून झाली की हा बहिणीला फोन लावतो आणि दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवतो. उधारीवाले साहेब घसा कसा खाकरतात, सिगारेटवाला सुट्टे नाहीत म्हणताना खिसा कसा दाबून धरतो, सगळं. माझीही करतो, 'साखर कमी, साखर कमी' अशी, चष्मा वर ढकलत. तिकडून ती खिदळते आणि हा अजून चेकाळतो. हा आनंद मजबुरीचा नाही, त्याने स्वतः कमावलेला आहे. (नक्कल हुबेहूब आहे, मान्य करावं लागतं.)

म्हणून सगळं छान चाललंय असं अजिबात नाही. कायद्याने १४ वर्षांवरचं पोर टपरीवर चालतं, पण दहावी सुटली ती सुटलीच. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली. बहिणीसाठी तालुक्याला चौकशी कर म्हटलंय. आजी सोडायला तयार नाही, हा वेगळाच घोळ.