पहिल्या टप्प्याला दिवसांचे बंधन नको

फिरत्या बॅरलमध्ये (टम्बलरच्या पिंपात) पाणी आणि घासणारी भुकटी घालून दगड गुळगुळीत करताना, प्रत्येक टप्प्याला सात दिवस द्यावेत आणि लगेच पुढची, आणखी बारीक भुकटी घालावी, असे या चर्चेत सुचवले गेले आहे. मधल्या टप्प्यांपुरते ते योग्य आहे, पण जाड भुकटीच्या पहिल्या टप्प्याला असा ठरावीक हिशेब लावू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण दगडाला खरा आकार याच टप्प्यात येतो आणि इथे राहिलेला खळगा पुढे भरून निघत नाही. या जाड भुकटीचे, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड या कठीण पदार्थाचे ६०/९० क्रमांकाचे कण साधारण आठवडाभरात स्वतःच झिजून बारीक होतात, त्यामुळे त्याच गाळात दगड आणखी फिरवत ठेवण्याने फारसे काही साधत नाही. बॅरल उघडून दगड धुवावेत, एकेक निरखून पाहावा, गुळगुळीत झालेले बाजूला काढावेत आणि उरलेले ताजी भुकटी घालून पुन्हा फिरवावेत. अकीकाचे काही खडे मला असे चार वेळा फिरवावे लागले.

भेगांचा मुद्दा मात्र अजून कोणी मांडलेला नाही. माझ्या एका खेपेत एकाच खड्याच्या भेगेत जाड कण दडून राहिले होते. चकाकी आणण्याच्या शेवटच्या टप्प्यात ते सुटले आणि सगळ्याच खड्यांवर बारीक ओरखडे उठले. तेव्हापासून धुताना मी जुन्या टूथब्रशने प्रत्येक खाच घासतो, आणि ज्याची भेग खोल आहे असा दगड, तो कितीही सुंदर असला तरी, पुढच्या टप्प्यात नेत नाही.