विम्याची मंजुरी आली, आणि आता सर्जन बदलायचाय. कसं करू?

पिवळी_जास्वंद (मंगळवार, रात्री १०:४०)

बॅरियाट्रिकचे (वजन कमी करायच्या ऑपरेशनचे) जुने धागे वाचून काढले, पण माझा पेच कुठे सापडला नाही म्हणून नवा धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४१, उंची १५८ सेंमी, जुलैत वजन ९१ किलो, म्हणजे बीएमआय ३६.५. स्लीप स्टडीत एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) ३८ निघाला, सिव्हिअर. रात्री सीपॅप (श्वासाचं मशीन) लावून झोपते. नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी, पाच लाखांची. नाशिकच्या एका हॉस्पिटलात स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) करायचं ठरलं, कागद गेले, दोनदा क्वेरी आली आणि गेल्या बुधवारी एकदाचं मंजुरीचं पत्र आलं. सासूबाई पेढे आणायला निघाल्या होत्या, वजन कमी करायच्या ऑपरेशनचे पेढे!

त्या रात्री पहिल्यांदाच एंडोस्कोपीचा रिपोर्ट स्वस्थपणे वाचला. हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला) आणि अन्ननलिकेला ग्रेड बी सूज. मला सहा वर्षं घशाशी येतं, दोन उशांवर झोपते, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सर्जनसाहेब आजवर दोनदा भेटले, त्यातले एकदा लिफ्टपाशी. "वजन उतरलं की ॲसिडिटी आपोआप जाईल," एवढं बोलून लिफ्ट वर गेली. बाकी सगळा कारभार कोऑर्डिनेटर मॅडमचा, तोही व्हॉट्सॲपवर. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अप्रूव्हल स्लीव्हचं आलंय ना मॅडम, आता कशाला बदल?"

शनिवारी पुण्यात दुसरं मत घेतलं. त्या डॉक्टरबाईंनी पाऊण तास दिला, कागदावर जठर काढून दाखवलं आणि तुम्हाला बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ते) जास्त योग्य म्हणाल्या. मला पटलं. पण आता मंजुरीचं काय? ती पुण्याला नेता येते का? विमा कंपनी म्हणेल का, की एकदा दिली, आता पुन्हा मागू नका?

आणखी एक. पहिल्या हॉस्पिटलने दिलेलं लिक्विड डाएट दहा दिवस चालू आहे. आज काट्यावर ८७ भरले. बीएमआय ३४.९! पॉलिसीत ३५ लिहिलंय. नणंद म्हणते, नव्या ठिकाणी सरळ जुनंच वजन सांग, कोण बघतंय.

---

शंकेखोर (मंगळवार, रात्री ११:१५)

सर्जन लिफ्टपाशी भेटला म्हणून वाईट ठरत नाही. आमचे हृदयाचे डॉक्टर तर भेटायचेच नाहीत, हात मात्र सोन्याचा. पुण्याला पळण्याआधी नाशिकच्याच डॉक्टरांची रीतसर वेळ घ्या, एंडोस्कोपीचा कागद समोर ठेवा आणि विचारा की हे असूनही स्लीव्ह का. कदाचित त्यांच्याकडे उत्तर असेल.

---

काउंटर_नंबर_३ (बुधवार, सकाळी ७:५०)

हॉस्पिटलच्या टीपीए (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी संस्था) डेस्कवर अकरा वर्षं आहे (तुमच्या शहरात नाही, निश्चिंत असा). ताई, आधी डोक्यातला एक गैरसमज काढा. मंजुरी तुम्हाला मिळालेली नसते. ती मिळते त्या हॉस्पिटलला, त्या प्रोसीजरसाठी, त्या सुमाराच्या तारखेसाठी. पत्र नीट बघा, बहुतेक पत्रांवर किती दिवस वैध तेही लिहिलेलं असतं. त्यामुळे ती 'नेता' येत नाही. तुमचं तर हॉस्पिटल बदलतंय, सर्जन बदलतोय आणि स्लीव्हचा बायपास होतोय. सगळंच नवीन, म्हणून प्री-ऑथही (आगाऊ मंजुरीचा अर्ज) नवीन. त्याच हॉस्पिटलात नुसता सर्जन बदलला असता तर डेस्कवरून सुधारित फॉर्म आणि एक पत्र जाऊन काम भागलं असतं.

पुन्हा मागायला बंदी अजिबात नाही. मात्र जुनी मंजुरी आधी रद्द करून घ्या. ती उघडी राहिली तर तेवढी रक्कम तुमच्या पाच लाखांतून अडकून बसते, आणि नव्या हॉस्पिटलने फाइल टाकली की सिस्टीममध्ये एकाच पेशंटच्या दोन प्री-ऑथ दिसतात. तिथून क्वेरी सुरू. रद्द करायचं काम जुन्या हॉस्पिटलच्या डेस्कचं, पण फोनवर "हो हो करतो" ऐकून गप्प बसू नका. ईमेल करा, प्रत टीपीएला, आणि रद्द झाल्याचं उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. जुन्या पत्राची आणि दोन्ही क्वेरींच्या उत्तरांची प्रत मात्र जपा. ती नव्या फाइलला जोडली की तपासणाऱ्याला कळतं, निकष एकदा तपासून झालेत.

आता वजन. नणंदबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकू नका. कोण बघतंय? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बघतो. औषधाचा डोस त्यालाच ठरवायचा असतो, म्हणून ॲडमिशनला वजन होतं आणि केसपेपरवर चढतं. डिस्चार्जनंतर तोच केसपेपर विमा कंपनी मागवते. फॉर्मवर ९१ आणि केसपेपरवर ८६ दिसलं की आलेली मंजुरीसुद्धा परत जाते. असे दोन क्लेम डोळ्यांदेखत गेलेत.

दोन्ही वजनं लिहा, तारखांसकट. डाएट सुरू व्हायच्या आधीचं, त्या दिवशीच्या ओपीडी कागदासह, आणि आजचं. मधल्या काळात डॉक्टरांच्या सांगण्यावरून ऑपरेशनपूर्व डाएट चालू होतं, असं नव्या सर्जनच्या सही-शिक्क्याचं पत्र जोडा. पॉलिसीतला लठ्ठपणाचा नियम (एक्सक्लूजन सहा म्हणतात तो) सांगतो की बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. त्या यादीत सिव्हिअर स्लीप ॲप्निया आहे, आणि साधे उपाय करून झालेले असावेत अशीही अट आहे. तुमचा एएचआय ३८ म्हणजे तो मुद्दा भक्कम. जुने आहारतज्ज्ञांचे कागद, जिमची पावती, काही असेल तर तेही द्या. ग्रुप पॉलिसीत अटी थोड्या वेगळ्या असू शकतात, म्हणून एचआरकडून प्रत मागवा.

आणि मुख्य प्रश्न मीच विचारतो. पॉलिसी कधी संपते?

---

पिवळी_जास्वंद (बुधवार, सकाळी ९:०५)

अरे देवा. ३० सप्टेंबर. आज ११ आहे.

---

काउंटर_नंबर_३ (बुधवार, सकाळी ९:२०)

मग आजच एचआरला विचारा, रिन्यूअल त्याच कंपनीकडे आहे का आणि बॅरियाट्रिकची अट तीच राहणार का. ऑक्टोबरवर गेलं तर नव्या पॉलिसी नंबरवर फाइल करा. धावपळ करून २९ ला ऑपरेशन लावून घेऊ नका.

---

मोदकप्रेमी (बुधवार, दुपारी १:३०)

हिशेब केला. १५८ उंचीला ८७.४ किलोवर बरोबर ३५ येतो. म्हणजे प्रश्न फक्त चारशे ग्रॅमचा! घरी गणपती बसलेत ना? २१ मोदकांत काम फत्ते.

---

खारी_बिस्कीट (बुधवार, दुपारी २:१०)

मोदकप्रेमी, 😀 पण ताई, खरंच असलं काही करू नका.

मी दोन वर्षांपूर्वी ठाण्यात असाच सर्जन बदलला. विम्यापेक्षा जास्त रडवलं फाइलने. जुन्या हॉस्पिटलात गेले तर म्हणे फाइल रेकॉर्ड रूमला गेली, रेकॉर्ड रूम म्हणे ओपीडीत आहे, ओपीडीतली मुलगी म्हणे सरांना विचारावं लागेल. तीन चकरा. चौथ्या वेळी घरून अर्ज टाइप करून नेला: '२००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं देणं बंधनकारक आहे.' दोन प्रती, एकीवर तारखेचा शिक्का मागितला. शिक्का मारणारा माणूस अर्ज वाचता वाचता उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाइल हातात, वर एंडोस्कोपीची सीडी पण, जी मी मागितलीही नव्हती.

भांडायला जाऊ नका. कारणसुद्धा सांगायची गरज नाही. "घरच्यांचं पुण्यात करायचं ठरलं," बस. मी पहिल्यांदा सगळं खरं कारण सांगत बसले आणि अर्धा तास समुपदेशन ऐकून घ्यावं लागलं.

दुसरं, जे मला उशिरा कळलं. ऑपरेशनपूर्व तपासण्यांचे पैसे पॉलिसीतून परत मिळतात, पण ॲडमिशनच्या आधीच्या ठराविक दिवसांतलेच. माझ्या पॉलिसीत ३० होते. तारीख पुढे गेली आणि सोनोग्राफी, स्लीप स्टडी दोन्ही बिलं बाहेर पडली. तुमची एंडोस्कोपी जुलैची असेल तर ते पैसे गेले समजा. नव्या ठिकाणी 'सगळ्या टेस्ट पुन्हा' म्हणाले तर कुठल्या खरंच पुन्हा लागतात ते विचारा. रक्त परत करावं लागलं मला, एंडोस्कोपी नाही.

---

टाका_घालतो (बुधवार, रात्री ९:४५)

मी जनरल सर्जन आहे, बॅरियाट्रिक करत नाही, आणि इथे बसून तुमचं ऑपरेशन ठरवणारही नाही. पण तुमची शंका रास्त आहे. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी उरवतात. आतला दाब वाढतो, त्यामुळे आधीच ज्यांना घशाशी येतं, अन्ननलिकेला सूज आहे, त्यांचा त्रास वाढू शकतो. अशा वेळी बायपासचा विचार बहुतेक जण करतातच. पहिल्या डॉक्टरांनी हे बोलायला हवं होतं. वजन उतरल्यावर काहींची जळजळ कमी होते हेही खरं, त्यामुळे ते अगदीच चुकीचं बोलले असं नाही, फक्त तुमच्या रिपोर्टला ते उत्तर पुरत नाही.

पुण्यात मात्र एक विचारा: कुठला बायपास? रू-एन-वाय की मिनी? 'बायपास' म्हणून दोन्ही सांगतात. मिनीमध्ये एकच जोड असतो आणि पित्त वर येण्याची शक्यता राहते. घशाशी येण्यासाठीच बदलताय तर हा फरक महत्त्वाचा, आणि प्री-ऑथवर नेमकं नाव लागेलच. बायपासची किंमतही समजून घ्या: लोह, बी-१२, कॅल्शियम जन्मभर, तपासण्या दरवर्षी, पेनकिलरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, तंबाखू पूर्ण बंद.

आणि लिक्विड डाएट! ते यकृत आकसावं, दुर्बिणीला वाट मिळावी म्हणून ऑपरेशनच्या अगदी आधी साधारण दोन आठवडे असतं. तारीख ऑक्टोबरात जाणार असेल तर नव्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा थांबवायचं का. दीड महिना सूप आणि प्रोटीन पावडरवर काढू नका.

---

शंकेखोर (बुधवार, रात्री १०:३०)

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. लिफ्टवरून बोललो, रिपोर्टकडे लक्षच दिलं नव्हतं.

अवांतर: हे ३५-४० आकडे जुने झालेत ना? २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा खाली आणली, आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासून विचार करा म्हणाले.

---

काउंटर_नंबर_३ (गुरुवार, सकाळी ८:००)

डॉक्टरांचे आकडे बदलले, पॉलिसीचे तेच आहेत. क्लेम पॉलिसीच्या आकड्याने पास होतो.

जास्वंदताई, पुण्याचं हॉस्पिटल तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहे का तेही बघा. नसेल तर जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आहे, ठरवून करायच्या ऑपरेशनला किमान ४८ तास आधी कळवायचं. पण हॉस्पिटलने ते मानलं पाहिजे, सगळी मानत नाहीत. आणि नाशिकचा मंजूर आकडा पुण्यात धरून चालू नका. रूमची मर्यादा ओलांडली तर फक्त रूमचे नव्हे, इतर खर्चाचेही पैसे त्या प्रमाणात कापतात.

---

पिवळी_जास्वंद (ऑक्टोबर, दुसरा रविवार)

बरेच जण विचारत होते म्हणून. पॉलिसी त्याच कंपनीकडे रिन्यू झाली, अट तीच. लिक्विड डाएट त्याच दिवशी थांबवलं, डॉक्टरबाईच म्हणाल्या. खारी_बिस्कीट, तुमचा अर्ज जसाच्या तसा उतरवला, शिक्क्यासकट. दोन दिवसांत फाइल मिळाली. कोऑर्डिनेटर मॅडमनी व्हॉट्सॲपवर फक्त एक अंगठा पाठवला. रद्द झाल्याच्या मेलसाठी मात्र अकरा दिवस पाठपुरावा केला.

नवा फॉर्म भरताना डॉक्टरबाईंनी मला समोर काट्यावर उभं केलं. ८६.९. मोदक खाऊनसुद्धा! त्यांनी फॉर्मवर तेच लिहिलं, खाली जुलैचे ९१ आणि तारीख. क्वेरी आलीच: 'सध्याचा बीएमआय ३५ पेक्षा कमी, खुलासा करा.' त्या दिवशी पोटात गोळा आला होता. डाएटचा तक्ता, स्लीप स्टडी, जुनं मंजुरीपत्र आणि डॉक्टरांचं पानभर पत्र गेलं. शुक्रवारी मंजुरी आली, रू-एन-वाय, अंदाजपत्रकापेक्षा साठ हजार कमी. तेवढे आपले. २४ तारीख मिळालीय.

---

खारी_बिस्कीट (रविवार, रात्री ८:२०)

वा! आणि नाशिकला बुकिंगचे पैसे भरले होते का? ते मिळाले?

---

पिवळी_जास्वंद (रविवार, रात्री ८:४५)

वीस हजार भरले होते, ११,४०० आले. बाकी कशाचे कापले त्याचं बिल मागितलंय. परवा पुन्हा जाणार, अर्जाच्या दोन प्रती घेऊन.